गोंधळ, घोळ, गल्लत: इंग्रजीत लिहिताना कोणता शब्द?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे मराठी माध्यमातून शिकलेत, माल निर्यात करणाऱ्या कारखान्यात आहेत आणि परदेशी ग्राहकांना रोज इंग्रजीत मेल लिहितात. काही कळलं नाही, कुठे घोळ झाला, दोन गोष्टी जुळत नाहीत, असं सांगायची वेळ आली की हाताशी ‘कन्फ्यूज’ हा एकच शब्द असतो. म्हणून त्यांनी समानार्थी शब्दांची यादी पाठ केली: पझल्ड, परप्लेक्स्ड, बॅफल्ड, बिविल्डर्ड. ते वापरले तर साहेब म्हणतात, कृत्रिम वाटतं. नमुन्याला तीन वाक्यं दिली आहेत: ‘आय ॲम कन्फ्यूजिंग अबाउट द डिलिव्हरी डेट.’ ‘आय ॲम हॅविंग अ डाउट इन युअर इनव्हॉइस.’ ‘आय ॲम इन परप्लेक्सिटी बिटवीन टू ऑप्शन्स.’ नेमकं कुठे चुकतंय, असा त्यांचा प्रश्न आहे.

ही तीन वाक्यं मी शेवटी दुरुस्त करून देतो. आत्ताच दिली तर तेवढीच उचलली जातील आणि चौथ्या वाक्याला गाडी पुन्हा अडेल.

मी गेली २३ वर्षं मराठी माणसांचं इंग्रजी लिखाण तपासतोय. त्यात कारखान्यांचे मेल आणि अहवाल असतात, परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे निबंध असतात, अधूनमधून कुणाची कथाही असते. या शब्दांच्या बाबतीत चूक बहुतेक वेळा लिहायला बसण्याच्या आधीच झालेली असते. आपल्याला मराठीत जे नेमकं जाणवलेलं असतं ते आपण वाटेत टाकून देतो, आणि इंग्रजीच्या दारात पोचतो तेव्हा हातात नुसता ‘गोंधळ’ उरतो.

बघा ना, मराठी बोलताना आपण या बाबतीत कधी चुकत नाही. गावाहून पहिल्यांदा आलेला मुलगा स्टँडवर उतरला की भांबावतो. जुळ्या भावांच्या नावांत आपली गल्लत होते. लग्नात पंगतीच्या वेळी घोळ होतो. महिनाअखेरीला हिशेब जुळेना की माणूस बुचकळ्यात पडतो. पुढाऱ्याने दोन सभांत दोन गोष्टी सांगितल्या की कार्यकर्त्यांत संभ्रम पसरतो. नोकरी धरावी की पुढे शिकावं, यात मन द्विधा होतं. जुळ्या भावांच्या बाबतीत ‘माझा संभ्रम झाला’ असं कुणी म्हणणार नाही, आणि पंगतीत गल्लत होत नाही. हे कुणी शिकवलेलं नसतं, कानाला कळतं. आणि हे सहाच्या सहा प्रसंग इंग्रजीत लिहायला सांगितले की सहाही ठिकाणी ‘कन्फ्यूजन’ येतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच असतं: मेल उघडण्याआधी तीच गोष्ट शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मराठीत सांगितल्यासारखी मनात म्हणा. तोंडात ‘घोळ’ आला की ‘गल्लत’ आली, की ‘काही कळेना’ आलं, ते बघा. इंग्रजी शब्द त्यावरून ठरतो. यादीवरून ठरवला की तुमचे साहेब म्हणतात तसं होतं.

आधी व्याकरण, कारण तुमचं पहिलं वाक्य तिथेच अडलंय, आणि ही चूक अगदी हुशार माणसांच्या लिखाणातही सापडते. मराठीत मूळ क्रियापद आहे गोंधळणे. ‘मी गोंधळतो’ यात दुसरं कुणी लागत नाही. दुसऱ्याचं करायचं असेल तर आपण गोंधळवणे म्हणतो, किंवा गोंधळात टाकणे. इंग्रजीत याच्या बरोबर उलट आहे. ‘कन्फ्यूज’ म्हणजेच गोंधळात टाकणे. स्वतः गोंधळायचं असेल तर ‘बी कन्फ्यूज्ड’ किंवा ‘गेट कन्फ्यूज्ड’ असं घडवून घ्यावं लागतं. आपल्या डोक्यात ‘मी गोंधळतोय’ असतं, त्याचं सरळ ‘आय ॲम कन्फ्यूजिंग’ होतं, आणि वाचणाऱ्याला अर्थ लागतो की मी इतरांना गोंधळात टाकणारा माणूस आहे. बॅफल, बिविल्डर, परप्लेक्स ही सगळी याच कुळातली आहेत, सगळी ‘टाकणारी’. ‘पझल’ तेवढा एका जागी वेगळा वागतो. ‘पझल ओव्हर समथिंग’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर डोकं खाजवत बसणे, आणि तिथे तो स्वतःचा स्वतः चालतो.

एक जागा घेऊन सगळी रूपं दाखवतो. मुंबईचं दादर स्टेशन. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट तिथे शेजारी शेजारी आहेत, आणि पूर्वी दोन्हींचे क्रमांक आपापले, एकपासून सुरू होणारे होते. म्हणजे एकाच स्टेशनात ‘फलाट क्रमांक एक’ नावाचे दोन फलाट. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले आणि पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवले. आता इंग्रजी बघा. क्रमांकांबद्दल बोलायचं तर ‘द नंबरिंग वॉज कन्फ्यूजिंग.’ माणसांबद्दल बोलायचं तर ‘पॅसेंजर्स वेअर कन्फ्यूज्ड.’ एका फलाटाला दुसरा समजण्याची चूक सांगायची तर ‘पीपल कन्फ्यूज्ड वन प्लॅटफॉर्म वन विथ द अदर.’ क्रमांक का बदलले हे सांगायचं तर ‘द प्लॅटफॉर्म्स वेअर रीनंबर्ड टू अव्हॉइड कन्फ्यूजन.’ शेवटच्या वाक्यात ‘कन्फ्यूजन’च्या आधी ‘अ’ नाही, ‘द’ नाही, मागे ‘एस’ नाही. पाण्यासारखा, धुक्यासारखा हा शब्द, मोजता येत नाही. ‘मेनी कन्फ्यूजन्स’ लिहू नका, ‘अ लॉट ऑफ कन्फ्यूजन’ लिहा. मोजायचंच असेल तर ‘मिक्स-अप’ आणि ‘मिसअंडरस्टँडिंग’ मोजता येतात: दोन मिक्स-अप्स, तीन मिसअंडरस्टँडिंग्ज.

मागचं शब्दयोगी अव्ययही इथेच सांगतो. ज्याच्यामुळे गोंधळलो त्याला ‘बाय’, ज्याच्याविषयी गोंधळ आहे त्याला ‘अबाउट’. ‘आय वॉज कन्फ्यूज्ड बाय द सेकंड टेबल’, ‘आय ॲम कन्फ्यूज्ड अबाउट द डेट’. ‘विथ’ येतो तो फक्त गल्लतीत, एकाला दुसरं समजण्यात. आपल्याकडे ‘कन्फ्यूज्ड विथ धिस क्लॉज’ सर्रास लिहितात, ते सोडून द्या.

आता एकेक मराठी शब्द घेऊ.

गल्लत हा सगळ्यांत सोपा, कारण इंग्रजी ‘कन्फ्यूज’चा मूळ अर्थ त्याच्या अगदी जवळचा आहे. लॅटिन ‘कन्फुंदेरे’ म्हणजे एकत्र ओतणे, सरमिसळ करणे. म्हणून ‘कन्फ्यूज ए विथ बी’ हा प्रयोग अजिबात उसना वाटत नाही. पिठाला, रव्याला लागणारे बारीक तांबूस किडे आपल्या घरोघरी असतात. त्यांतल्या एका जातीचं इंग्रजी नाव आहे ‘कन्फ्यूज्ड फ्लार बीटल’ (फ्लार म्हणजे पीठ), शास्त्रीय नाव ट्रायबोलियम कन्फ्यूझम. किडा बिचारा गोंधळलेला नाही. लाल पीठकिड्याशी त्याची लोक गल्लत करत आले म्हणून त्याला हे नाव मिळालं. आयटीतल्या वाचकांना ‘कन्फ्यूजन मॅट्रिक्स’ माहीत असेल: संगणकाने किती मांजरांना कुत्री म्हटलं आणि किती कुत्र्यांना मांजरं, याचा तक्ता. तिथेही अर्थ गल्लत हाच, संभ्रम नव्हे. रोजच्या मेलमध्ये ‘मिक्स अप’ याहून हलका आणि बरा: ‘आय मिक्स्ड अप द टू पार्ट नंबर्स.’

घोळावर मला जरा थांबायचंय, कारण इथे प्रश्न फक्त भाषेचा राहत नाही. ‘घोळ झाला’ या वाक्यात कर्ता नसतो. कुणी केला ते झाकून राहतं, म्हणून तर आपल्याला तो शब्द सोयीचा वाटतो. इंग्रजीत ‘देअर वॉज सम कन्फ्यूजन’ हेच काम करतं. गोदामात लेबलांची अदलाबदल झाली, कुणाच्या हातून हे खरंच ठाऊक नाही, तर ‘देअर वॉज अ मिक्स-अप विथ द लेबल्स’ हे प्रामाणिक आणि सहज वाक्य आहे. पण जुनी फाइल तुम्ही स्वतः पाठवलीत, ग्राहकाने त्यावरून काम सुरू केलं, आणि तुम्ही ‘सॉरी फॉर द कन्फ्यूजन’ लिहिलंत, तर वाचणारा मनात म्हणतो, मी कुठे गोंधळलो होतो? गोंधळ त्याचा नव्हता, चूक तुमची होती. तिथे ‘आय सेंट यू द राँग फाइल. हिअर इज द राइट वन’ असं लिहा. मी हे आग्रहाने सांगतो, कारण अशा एका सरळ वाक्याने टिकलेले व्यवहार मी पाहिलेत आणि ‘कन्फ्यूजन’च्या पांघरुणाने तुटलेलेही पाहिलेत.

त्याच वाक्यातली एक बारीक गंमत सांगून पुढे जातो. ‘सॉरी फॉर द कन्फ्यूजन’ म्हणजे गोंधळ झाला, हे मला माहीत आहे. ‘सॉरी फॉर एनी कन्फ्यूजन’ म्हणजे झाला असल्यास क्षमस्व. ‘सॉरी फॉर कन्फ्यूजन’ हे अर्धवट राहतं. मराठीत उपपदं नाहीत म्हणून आपण ते गाळतो, पण इथे त्या एका छोट्या शब्दात अर्थ बसलेला आहे.

भांबावणे म्हणजे ‘बिविल्डर्ड’. हा शब्द मला फार आवडतो. त्यात ‘वाइल्ड’ आहे, रान आहे. रानात वाट चुकवणे हा त्याचा जुना अर्थ. आपल्याकडे चकवा लागणे म्हणतात ना, रात्री शिवारात माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो, ते डोळ्यांपुढे आणा. चारी बाजूंनी इतकं काही आहे की कुठे बघावं कळत नाही, अशा वेळी बिविल्डर्ड. मोठ्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलेली आजी बिविल्डर्ड असते. इनव्हॉइसमधली एक रक्कम जुळत नाही म्हणून कुणी बिविल्डर्ड होत नाही. तसं लिहिलं की मेल नाटकी वाटतो, आणि तुमच्या साहेबांना कृत्रिम वाटलं ते बहुधा यामुळेच.

बुचकळ्यात पडणे याला इंग्रजीत तीन पायऱ्या आहेत. ‘पझल्ड’ म्हणजे कोडं पडलंय, बुद्धी जागी आहे, उत्तर मिळेल अशी आशा आहे. ‘आय वॉज पझल्ड बाय द सेकंड चार्ज ऑन द बिल’ हे मेलमध्ये अगदी शोभतं. ‘बॅफल्ड’ म्हणजे डोकं लावून झालं, सगळे उपाय झाले, तरी उलगडेना. पंप तीनदा खोलून बघितला, प्रत्येक भाग ठीक आहे, तरी गळती आहे, तर ‘अवर इंजिनिअर्स आर बॅफल्ड.’ पहिल्याच वाचनात न कळलेल्या गोष्टीला बॅफल्ड म्हणू नये. त्यासाठी आधी घाम गाळलेला असावा लागतो. ‘परप्लेक्स्ड’मध्ये गुंता आहे, लॅटिनमध्ये मूळ अर्थ गुंफलेलं, गुंतलेलं असाच. धागे एकमेकांत अडकलेत आणि मनाला थोडी काळजीही आहे. हा शब्द पुस्तकी आहे. लेखात, निबंधात चालतो, रोजच्या मेलमध्ये मी तो बहुतेक वेळा खोडतो. ‘परप्लेक्सिटी’ हे नाम तर त्याहून जड.

मात्रेचंही भान ठेवा. ‘अ बिट कन्फ्यूज्ड’, ‘व्हेरी कन्फ्यूज्ड’, ‘स्लाइटली पझल्ड’ हे सगळं ठीक. पण बॅफल्ड आणि बिविल्डर्ड हे मुळातच टोकाचे शब्द आहेत. त्यांच्याआधी ‘व्हेरी’ लावला की ‘खूप हतबुद्ध’ म्हटल्यासारखं कानाला खटकतं. लावायचंच तर ‘कम्प्लीटली’ किंवा ‘अटरली’.

दोन शब्दांपासून सावध करतो. ‘नॉनप्लस्ड’ हा लॅटिनमधल्या ‘यापुढे काही नाही’ या अर्थाच्या शब्दांवरून आला, म्हणजे निरुत्तर, खुंटलेला. पण अमेरिकेत बरेच लोक तो ‘जराही विचलित न झालेला’ या उलट अर्थानेही वापरतात, त्यामुळे ग्राहकाच्या मेलमध्ये नकोच. दुसरा ‘डिसकॉम्बोब्युलेटेड’. अमेरिकेत जन्मलेला, जिभेवर घोळवावा असा शब्द. मिलवॉकीच्या विमानतळावर सुरक्षा तपासणी संपली की बूट-पट्टा पुन्हा चढवायला जी जागा आहे, तिथे ‘रीकॉम्बोब्युलेशन एरिया’ अशी पाटी लावलेली आहे: विस्कटलात, आता सावरा. मित्राला लिहिताना जरूर वापरा, खरेदी विभागाला लिहिताना नको.

संभ्रमाला मात्र ‘कन्फ्यूजन’ हाच खरा शब्द, कारण तो एका माणसाचा नसतो, पसरलेला असतो. ‘देअर इज सम कन्फ्यूजन ओव्हर द न्यू रेट्स.’ नियम, दर, तारखा, जबाबदाऱ्या यांच्याबाबत हे वाक्य बिनधास्त वापरा. फक्त एक लक्षात असू द्या. एकाच माणसाला उद्देशून ‘देअर सीम्स टु बी सम कन्फ्यूजन’ लिहिलं की कार्यालयीन इंग्रजीत त्याचा अर्थ बहुधा ‘तुमचं काहीतरी चुकतंय’ असा, सभ्य शब्दांत, घेतला जातो. तसं म्हणायचं नसेल तर ‘आय मे हॅव मिसअंडरस्टुड’ म्हणून सुरुवात करा.

‘आय ॲम कन्फ्यूज्ड’चंही तसंच आहे. व्याकरणाने शुद्ध, पण मेलच्या सुरुवातीला एकटंच उभं केलं की त्याला धार येते. ‘आय ॲम कन्फ्यूज्ड. आय थॉट वी हॅड अग्रीड ऑन मार्च’ हे वाचून इंग्रज किंवा अमेरिकन माणसाला ‘तुम्ही शब्द फिरवलात’ असं ऐकू येऊ शकतं. कधी तुम्हाला नेमकं तेच म्हणायचं असेल, तेव्हा वापरा. साधी चौकशी असेल तर ‘कुड यू कन्फर्म द मंथ?’ एवढं पुरतं.

आणि आता शंका. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीसाठी मी मेल तपासून देत होतो. एका तरुण इंजिनिअरला परदेशी ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये एक विसंगती सापडली. दुसऱ्या पानावर बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, ४२.५ मिलिमीटर, चौथ्या पानावर तोच बोअर ४५.२. कुणाच्या तरी हातून आकड्यांची उलटापालट झाली होती. मुलगा चांगला, कष्टाळू. त्याच्या नजरेला हे आलं हेच मोठं. त्याने लिहिलं, ‘वी हॅव सम डाउट्स अबाउट युअर ड्रॉइंग. काइंडली क्लॅरिफाय अस.’ मसुदा माझ्याकडे आला. दिवसभरात तीस-चाळीस मेल असायचे. मी ‘क्लॅरिफाय अस’मधला ‘अस’ काढला, कारण क्लॅरिफाय माणसाला करत नाहीत, मुद्द्याला करतात. आणि मेल पुढे जाऊ दिला. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं ते मुलाला नव्हे, त्याच्या वरिष्ठांना: आमची ड्रॉइंग दोनदा तपासून मंजूर झालेली असतात, तुमच्या लोकांना त्यांच्यावर विश्वास नसेल तर तसं स्पष्ट कळवावं. मुलाला बोलणी बसली. बोअरचा प्रश्न तसाच राहिला.

चूक माझ्या डोळ्यांखालून गेली होती. आपल्या शाळेत बाई विचारतात, ‘कुणाला काही शंका?’, कॉलेजात सर विचारतात, ‘एनी डाउट्स?’, आणि भारतभर डाउट म्हणजे विचारायचा प्रश्न, हे इतकं रुळलंय की मलाही ते खटकलं नाही. आपापसात वापरायला काहीच हरकत नाही, आपलं भारतीय इंग्रजी आहे ते. पण मराठीत शंका विचारतात आणि शंका घेतातही. ब्रिटिश, अमेरिकन किंवा युरोपातल्या वाचकाला ‘डाउट’मध्ये घेतलेली शंकाच दिसते. ‘तुमच्या ड्रॉइंगविषयी आम्हाला शंका आहेत’ हे त्याला ‘तुमचं ड्रॉइंग भरवशाचं वाटत नाही’ असं पोचलं.

नंतर आम्ही दुसरा मेल लिहिला. ‘शीट टू शोज द बोअर ॲज ४२.५, बट शीट फोर शोज इट ॲज ४५.२. विच वन शुड वी फॉलो?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ४२.५, आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

या दोन वाक्यांत गोंधळाचा एकही शब्द नाही, हे लक्षात घ्या. कामाच्या इंग्रजीत गोंधळाचा शब्द सहज वापरायचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग पुष्कळदा तो न वापरणं हा असतो. वाचणाऱ्याला अडलेली जागा दाखवली की त्याला उत्तर देता येतं. ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’ एवढंच वाचून तो काय करणार? आधी त्याला तुम्हालाच विचारावं लागतं, कशाबद्दल? तुमचं मराठी मनोगत ‘अहो, या दोन पानांवर दोन आकडे आहेत’ असं असेल, तर इंग्रजीतही तेच लिहा.

‘मला समजत नाहीये’ याचं ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ होतं, तेही थांबवा. ‘अंडरस्टँड’ला इंग्रजीत सहसा चालू काळ लावत नाहीत. ‘आय डोन्ट अंडरस्टँड क्लॉज फोर’ म्हणा, किंवा मऊ हवं तर ‘आय ॲम नॉट क्लिअर ऑन क्लॉज फोर’, ‘आय ॲम नॉट शुअर आय फॉलो’. आणि मराठीत आपण ‘मी गोंधळलो’ म्हणतो ते आत्ताच्या अवस्थेबद्दलही चालतं, पण इंग्रजीत ‘आय गॉट कन्फ्यूज्ड’ म्हणजे तेव्हा गोंधळलो होतो. अजून सुटलेलं नसेल तर ‘आय ॲम स्टिल कन्फ्यूज्ड’.

कारखान्याबाहेरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पुष्कळांचे आईवडील मुलांकडे परदेशी जातात आणि तिथल्या डॉक्टरांना इंग्रजीत लिहून कळवावं लागतं. वैद्यकीय इंग्रजीत ‘कन्फ्यूज्ड’ हा मोठा शब्द आहे. आपण कुठे आहोत, कोणता महिना आहे, समोर कोण आहे, याचं भान गेलेला रुग्ण म्हणजे कन्फ्यूज्ड. शुद्ध मोजायची १९७४ साली आलेली ग्लासगो कोमा स्केल जगभर वापरतात. तिच्यात नीट भानावर असलेल्या बोलण्याला पाच गुण आणि ‘कन्फ्यूज्ड’ बोलण्याला चार. म्हणून बाबांना फक्त दोन गोळ्यांतली सकाळची कुठली हे कळत नसेल, तर ‘माय फादर इज कन्फ्यूज्ड’ लिहू नका. ‘ही इज नॉट शुअर विच टॅब्लेट टु टेक इन द मॉर्निंग’ लिहा. आणि ते खरंच असंबद्ध बोलू लागले असतील, घरातल्यांना ओळखत नसतील, तर दुसरा शब्द शोधत बसू नका. ‘ही इज सडनली कन्फ्यूज्ड’ असं लिहा, किंवा फोनवर तसंच सांगा. ‘सडनली’ विसरू नका, अचानक झालेला असा बदल तातडीचा मानतात.

कथा-निबंधाबद्दल थोडंच. एका विद्यार्थ्याने मुंबईच्या पहिल्या दिवसाबद्दल लिहिलं होतं, ‘आय वॉज बिविल्डर्ड अँड परप्लेक्स्ड ॲट दादर.’ मी त्याला विचारलं, म्हणजे काय झालं? तो म्हणाला, फलाट एकवर उभा होतो, तीन गाड्या सोडल्या, मग कळलं की हा दुसऱ्याच रेल्वेचा फलाट एक. मी म्हटलं, हेच लिही. त्याने लिहिलं, ‘आय स्टुड ऑन प्लॅटफॉर्म वन अँड लेट थ्री ट्रेन्स गो. इट वॉज द राँग प्लॅटफॉर्म वन.’ दोन्ही जड शब्द गेले आणि मुलगा भांबावलेला दिसायला लागला.

शब्दांच्या छटा शोधायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजूनही उपयोगी आहे. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. आपला मराठी शब्द तिथे घालून किती निरनिराळे इंग्रजी शब्द येतात ते बघावं. मात्र ते इंग्रजी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे, म्हणून तिथून छटा घ्या आणि शब्द आजच्या विद्यार्थी-कोशातल्या उदाहरणवाक्यांत ताडून बघा. अर्थ वाचून थांबू नका, उदाहरणं वाचा. शब्दाच्या पुढेमागे काय येतं ते तिथेच कळतं.

आता तुमची वाक्यं.

पहिलं डिलिव्हरीच्या तारखेचं. शुद्ध रूप ‘आय ॲम कन्फ्यूज्ड अबाउट द डिलिव्हरी डेट.’ पण माझ्या अंदाजाने तुमच्याकडे दोन तारखा आल्या असणार. मग लिहा, ‘युअर ऑर्डर सेज टेन्थ जून, बट युअर लास्ट मेल सेज ट्वेंटिएथ. विच इज करेक्ट?’

दुसरं इनव्हॉइसचं. ‘डाउट’ काढा. ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर इनव्हॉइस’ लिहा, आणि त्याच ओळीला जोडून प्रश्नही विचारून टाका: कुठली ओळ, कुठली रक्कम.

तिसऱ्यात गोंधळ नाहीच. दोन्ही पर्याय तुम्हाला नीट कळलेत, निवड होत नाहीये. मन द्विधा आहे. त्याला इंग्रजीत ‘टॉर्न बिटवीन’ म्हणतात, किंवा साधं ‘कान्ट डिसाइड बिटवीन’. ‘डायलेमा’ही लिहू नका, तो दोन्ही वाटा नकोशा असतील तेव्हाचा. पर्याय समजा जहाज की विमान असे असतील, तर मी असं लिहीन: ‘वी कान्ट डिसाइड बिटवीन सी अँड एअर. सी इज चीपर, बट द पार्ट्स मे रीच यू आफ्टर युअर शटडाउन. विच मॅटर्स मोअर टु यू?’ याला ग्राहकाचं उत्तर एका ओळीत येईल.